कचरूभाऊंची झोप

मंजुश्री मलकापूरहून सकाळच्या गाडीने आली, बापाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने पाहिली आणि हातातला चहा संपायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झाली.

"बाबा, आश्विन पौर्णिमेपर्यंत वाट पाहते. पंधरा दिवस हाय. तोपर्यंत तुमाले नीट झोप लागली तं ठीक, नाई तं घराले कुलूप लावायचं अन् माह्यासंग मलकापूरले चालायचं."

कचरूभाऊ बशीत चहा ओतू लागले. बोलले ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले शेजारी हिंमतराव. "असं कसं नेतं बाप्पा त्याले? झोप काय तारीख देऊन येते का?" हा प्रश्न त्यांनी कचरूभाऊंच्या काळजीपोटी विचारला असं मंजुश्रीला वाटलं, आणि निम्मं ते खरंही होतं.

उरलेलं निम्मं सांगायला हवं. कचरूभाऊ एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको कलाबाई गेली आणि जाताना त्यांची झोपही घेऊन गेली. रात्रभर ते ओट्यावर बसून असत, सकाळी तासभर डोळा लागे, तेवढाच. पहिले काही महिने गाव हळहळलं. मग गावाच्या लक्षात आलं की साखरखेर्ड्यात एक विश्वासू माणूस रोज रात्रभर जागा असतो आणि तो नुसता वाया चालला आहे. मेथी-पालक घेऊन पाचच्या गाडीने चिखलीला जाणाऱ्या सिंधूताईने पहिल्यांदा त्यांना दार वाजवायला सांगितलं. मग कुणाची म्हैस विणार असली की त्यांनी दोनदा गोठ्यात डोकावून यावं, अशी विनंती होऊ लागली. आणि हिंमतरावांचं तर विचारूच नका. शेतीच्या विजेची लाईन एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. रात्रीची कधी एकला येई, कधी तीनला. त्यांच्या विहिरीवरचा बल्ब कचरूभाऊंच्या ओट्यावरून दिसायचा. बल्ब लागला की कचरूभाऊ फोन करत, हिंमतराव जाऊन मोटर चालू करत आणि परत येऊन झोपत. दोन वर्षांत हिंमतरावांचा कांदा कधी तहानला नव्हता आणि हिंमतरावांची झोपही कधी कमी पडली नव्हती.

मंजुश्री मलकापूरला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने उपायही तिथलाच आणला होता.

"आई गेल्यापासून तुम्ही काय खाता बाबा? चहा अन् टोस. आपल्या आतड्यात करोडो जंतू राहतात, चांगलेबी अन् वाईटबी. त्यांचा अन् झोपेचा संबंध हाय असं शास्त्रज्ञ म्हणून राह्यले. जंतू बिघडले का झोप बिघडते, अन् झोप बिघडली का जंतू आणखी बिघडतात. सगळं सिद्ध झालं असं नाई, अजून अभ्यास चालू हाय. पण दही, ताक, ज्वारीची भाकर, डाळी, पालेभाजी, अन् तेबी रोज ठरल्या टायमाले. करून तं पाहा."

कचरूभाऊंनी हे फार गंभीरपणे घेतलं. ते सगळंच गंभीरपणे घेत. मग ते म्हणाले, "म्हंजे पोटात स्टाफ कमी पडला."

"तसं समजा."

"अन् जो हाय तो कामचुकार हाय."

"हाव बाबा."

"मंग भरती कराव लागन," कचरूभाऊ म्हणाले आणि एक कोरी वही शोधायला घरात गेले.

त्या संध्याकाळी हिंमतरावांना जेवण गोड लागेना. कचरूभाऊ झोपले नाहीत तर मलकापूरला जाणार, म्हणजे गावातला रात्रीचा माणूस गेला. झोपले तर गावात राहणार, पण झोपलेले राहणार. म्हणजे रात्रीचा माणूस तरीही गेलाच. हिंमतरावांनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. उत्तर काही बदललं नाही.

"तुमाले कचरूभाऊ झोपाले पायजे का नाई, एक काय थे सांगा," त्यांची बायको रुख्मिणी म्हणाली.

"पायजे न. पण एकदम नको. दिवसाआड झोपला तं बरं."

रुख्मिणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की हिंमतरावांनी तोंडातला घास न चावताच गिळला.

गाव मात्र हिंमतरावांपेक्षा मोठ्या मनाचं निघालं. बातमी बुद्धविहाराच्या महिला मंडळात पोचली आणि मंडळाच्या गोजरबाईने दुसऱ्याच दिवशी गाडगंभर दही आणून दिलं. ते पाहून शेजारणीने आणलं, शेजारणीचं पाहून सिंधूताईने. दोन दिवसांत अकरा घरचं दही आलं. प्रत्येकीचं म्हणणं एकच, की खरी झोप आमच्याच दह्यात आहे. कचरूभाऊंना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. त्यांनी अकराही घरचं दही मन लावून खाल्लं आणि तिसऱ्या रात्री त्यांना इतक्या वेळा परसाकडे जावं लागलं की ओट्यावर बसायला सवडच मिळाली नाही. विहिरीवरचा बल्ब एकटाच जळत राहिला. हिंमतरावांची मोटर त्या दिवशी सकाळी चालू झाली आणि अर्ध्या तासात लाईन गेली.

मंजुश्री फोनवर चिडली. "बाबा, भरती करा म्हटलं, मेळावा नाई. एकाच घरचं घ्या."

कचरूभाऊंनी बराच विचार करून रुख्मिणीच्या घरचं दही नक्की केलं. रुख्मिणीला धन्य वाटलं. रोज दिवेलागणीला ती वाटीभर दही काढून ठेवी आणि हिंमतरावांच्या हाती देई. कचरूभाऊंची झोप अशी रोज संध्याकाळी हिंमतरावांच्याच हातातून जाऊ लागली, आणि त्यांना काहीच करता येत नव्हतं.

दही लागू पडलं. कचरूभाऊ वहीत रोज लिहून ठेवत: सहाव्या रात्री दोन तास, आठव्या रात्री तीन. डोळे जरा उजळले, बोलण्याला धार आली. मात्र दहाव्या रात्री हिंमतरावांचा फोन चाळीस मिनिटं उशिरा वाजला. सकाळी कचरूभाऊ स्वतः येऊन माफी मागून गेले. एसटीत कुणी गाडी उशिरा आणली तर त्याने कारण लिहून द्यायचं असतं, म्हणून त्यांनी तोंडी कारणही दिलं: झोप लागली होती.

त्याच दिवशी दुपारी ओट्यावर बसले असताना हिंमतरावांनी सहज विचारलं, "मलकापूरले जाले तुले एवढं काऊन नको वाटते बे? लेकच हाय ना थे."

कचरूभाऊ तंबाखू मळत होते, ती त्यांनी तशीच हातात धरली. "तिसऱ्या माळ्यावर घर हाय तिचं. दोघं दमून येतात अन् झोपतात. मी रातभर काय करू तिथं? इथं जागलो तं कोनाच्या कामी येतो. तिथं नुसता जागीन, हिंमतराव." मग म्हणाले, "आता वैनीच्या दह्यानं झोप येऊन राह्यली. पण थे दही काय मलकापूरले भेटन?"

हा माणूस गेला तर आपण कुणाशी बोलायचं, हे हिंमतरावांच्या तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. कांदा त्यानंतर आठवला. पण आठवला.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालत होतं, त्याचा पौर्णिमेला समारोप. भंते यायचे होते, खीरदान आणि गावाचं जेवण होतं. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून खीर अकराला तयार हवी. त्याच रात्री कोजागिरी, त्यामुळे दुधाला मारामार. गोजरबाईने घरोघर फिरून आदल्या संध्याकाळी पस्तीस लिटर दूध जमवलं, विहारातच मोठ्या पातेल्यात तापवलं आणि मांजरापासून राखायला कोण बसणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. विहाराची किल्ली कचरूभाऊंकडे होती आणि कचरूभाऊ जागेच असतात.

त्या संध्याकाळी हिंमतराव दह्याची वाटी घेऊन विहारात गेले. पातेल्याशेजारी सतरंजी टाकून कचरूभाऊ आडवे झाले होते. डोळे मिटलेले होते, पण कचरूभाऊंचे मिटलेले डोळे म्हणजे झोप, असं दोन वर्षांत कुणी धरलं नव्हतं.

"दही आणलं," हिंमतराव म्हणाले.

"ठेव तिथं. खातो," कचरूभाऊ डोळे न उघडता म्हणाले.

हिंमतराव वाटी धरून उभे राहिले. आज रात्रीची लाईन होती, विहिरीवरचा बल्ब विहाराच्या दारातूनही दिसायचा, आणि कांद्याला पाणी हवंच होतं. सिंधूताईची पाचची गाडी होती. शिवाय हे दूध. यानं आत्ता हे दही खाल्लं तर सगळंच बोंबललं. वहीत आता बऱ्या रात्री पुष्कळ झाल्या होत्या. एक रात्र जागला तर मंजुश्री काही त्याला उचलून नेणार नाही. वाटी भरलेली परत नेली तर रुख्मिणी विचारणार. विहाराच्या स्वच्छ अंगणात दही ओतायचं, तर तेही बरं दिसत नव्हतं. समोर पस्तीस लिटर कोमट दूध होतं. हिंमतरावांनी साठ वर्षांत घरात दही खाल्लं होतं, लावलं कधीच नव्हतं. एवढ्या दुधाला एका वाटीने काय होतंय, असा विचार करून त्यांनी वाटी पातेल्यात उपडी केली, चमच्याने नीट निपटून घेतली आणि रिकामी वाटी चमच्यासकट कचरूभाऊंच्या उशाशी ठेवून ते घरी गेले; विचारलंच तर मांजराचं नाव सांगता येणार होतं.

सकाळी हिंमतरावांना जाग आली ती डोळ्यांवर आलेल्या उन्हाने. फोन वाजलाच नव्हता. शेताकडे धावत जाऊन पाहिलं तर लाईन येऊन गेलेली, वाफे कोरडे. तिथून ते रागारागाने विहाराकडे निघाले.

विहाराच्या दारात सिंधूताई मेथीच्या टोपलीसकट उभी होती. तिची पाचची गाडी गेली होती. ती भांडायला आली होती आणि तशीच थबकली होती. आत सतरंजीवर कचरूभाऊ झोपले होते. तोंड उघडं, एक हात पोटावर, आणि घोरण्याचा आवाज असा शांत, एका लयीत, की ऐकणाऱ्यालाही जांभई यावी. दोन वर्षांत गावात कुणी हे दृश्य पाहिलं नव्हतं.

"माही मेथी सुकून राह्यली," सिंधूताई कुजबुजली.

"माह्या कांद्याले थेंब नाई," हिंमतराव तिच्याहून हळू म्हणाले.

"हळू बोला. अन् इकडं पाहा," गोजरबाई म्हणाली. ती पातेल्यापाशी बसली होती. तिने दुधात पळी घातली आणि हात काढून घेतला. पळी उभीच राहिली.

हिंमतराव भिंतीला टेकून खाली बसले. हळूहळू बायका जमल्या, चुली पेटवायला आलेले लोक जमले, रुख्मिणी आली. जो येई तो आधी पातेल्याकडे पाही, मग झोपलेल्या माणसाकडे, आणि तोंडावर बोट ठेवून बाजूला बसे. ज्याने दोन वर्षं सगळ्यांना उठवलं, त्याला उठवायला एकही माणूस तयार नव्हता. सारं भांडण कुजबुजत झालं, सारी काळजी कुजबुजत झाली, आणि कोजागिरीमुळे आता दूध कुठेच मिळणार नाही, हेही कुजबुजतच ठरलं.

साडेआठला कचरूभाऊ आपणहून जागे झाले. इतकी माणसं पाहून ते उठून बसले. पातेल्यातली उभी पळी त्यांनी पाहिली, उशाशी रिकामी वाटी आणि चमचा पाहिला.

"मी दही खाल्लं असन," ते सावकाश म्हणाले. "खाल्लं म्हणून तं झोप लागली. अन् मंग झोपेच्या भरात मांजराचं पाहाले उठलो असन, उष्टा चमचा दुधात पडला असन." त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "एकतीस साल एसटीत होतो. एक गाडी चुकीच्या फलाटावर लागू देली नाई. अन् आज दानाचं दूध माह्या उष्ट्यानं नासलं."

कुणीच त्यांना रागावलं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं, असं हिंमतरावांना वाटलं. एवढ्यात मंजुश्री गाडीतून उतरून आली. बाप साडेआठपर्यंत झोपला होता हे ऐकून तिचा चेहरा उजळला, आणि पुढचं ऐकून तसाच उतरला. "बाबा, होते असं," ती म्हणाली. "ठरल्याप्रमाणं तुम्ही इथंच राहा. मी नेत नाई." कचरूभाऊंनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली विहाराची किल्ली सोडली आणि गोजरबाईपुढे ठेवली.

"ही आता दुसऱ्या कोनाले दे, बाई."

"असं काऊन करता भाऊ," गोजरबाई म्हणाली. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. "दही तं चांगलं लागलं हाय, साखर घालून वाढलं असतं. पण उष्टं भंतेले कसं वाढाव? ढोरायले घालाव लागन." दोन बायकांनी पातेल्याच्या कड्या धरल्या.

हिंमतरावांसमोर सगळं स्पष्ट होतं. गप्प बसलं तर कचरूभाऊ गावात राहतात. लेकीने आताच कबूल केलं आहे. दही ढोरं खातील, कचरूभाऊ चार दिवस मान खाली घालून फिरतील, मग लोक विसरतील. फक्त गप्प बसायचं होतं. हिंमतरावांना गप्प बसणं चांगलं जमत असे. पण कचरूभाऊ किल्लीकडे पाहत होते, आणि हिंमतरावांना ते पाहवलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "पातेलं खाली ठेवा. उष्टं नाई थे. दही मी टाकलं."

उचललेलं पातेलं पुन्हा जमिनीवर टेकलं.

"त्यानं खाल्लंच नाई. तो झोपला तं मले लाईनसाठी कोन उठवीन, म्हणून मी वाटी दुधात ओतली. मले वाटलं, एवढ्याशा दह्यानं काय होते."

"पस्तीस लिटरले एक चमचा पुरते," गोजरबाई म्हणाली. तिला राग आवरत नव्हता, पण वेळही नव्हता. "ताजं होतं ना?"

"ताजं होतं. हिच्या हातचं."

रुख्मिणीने डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे न पाहता साखरेचं पोतं सोडायला गेली. घरी गेल्यावर काय होणार ते हिंमतरावांना त्या पाठमोऱ्या चालण्यावरूनच कळलं. सव्वाअकराला भंतेंनी दही-साखर घेतली, शांतपणे दुसऱ्यांदाही घेतली. गावानेही घेतली. खीर कुणाला आठवली असली तरी कुणी बोललं नाही.

पंगत उठल्यावर कचरूभाऊ हिंमतरावांशेजारी येऊन बसले.

"म्हंजे काल मी दही खाल्लंच नाई."

"नाई."

"अन् तरी झोपलो."

"हाव. माही चूक झाली, कचरूभाऊ. तुले मी जागा ठेवाले पाह्यलं."

"थे जाऊ दे. दोन साल रातभर तुह्या बल्बाकडं पाहून काढले मी. तो नसता तं काय पाह्यलं असतं?" मग त्यांनी लेकीला हाक मारली. "मंजू, दही न खाता झोप कशी आली मले?"

मंजुश्रीने खांदे उडवले. "पंधरा दिवसांची भरती एका रात्रीत थोडीच जाईन बाबा? जंतू रुळले असतील आता. का आणखी काही असन. खरं सांगू, मलेबी पुरं नाई सांगता येत."

"म्हंजे झोप वैनीच्या वाटीत नव्हती," कचरूभाऊ म्हणाले. "माह्यापाशीच हाय थे." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मंग मी येतो तुह्यासंग."

हिंमतरावांना आधी कळलंच नाही. "कुठं येतं? तिनं तं कबूल केलं न, झोपला तं इथंच राहाचं."

"तिनं केलं कबूल. मी कुठं केलं?" कचरूभाऊ हसले. त्यांना हसताना पाहूनही दोन वर्षं झाली होती. "झोप नव्हती म्हणून जात नव्हतो, हिंमतराव. लेकीजवळ राहाले कोनाले नाई आवडत?"

दुपारी तीनच्या गाडीला हिंमतराव त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेले. पंधरा दिवस याला झोपवायचं की जागवायचं यात त्यांनी जीव काढला होता, आणि आज खरं बोललो नसतो तर हा माणूस इथेच राहिला असता, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. स्वतःचा राग येत होता आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोललो असतो, याचाही राग येत होता. एक गोष्ट विचारायची राहिली होती: परत कधी येशीन. ती गर्दीत विचारवेना, म्हणून ते गाडीला वळसा घालून खिडकीपाशी गेले.

कचरूभाऊ खिडकीला डोकं टेकून झोपले होते. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. शेजारी बसलेल्या मंजुश्रीला काका काही बोलायला आलेले दिसले. तिने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नजरेनेच विचारलं, उठवू का?

हिंमतरावांनी मान हलवली. "झोपू दे त्याले," ते म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत तिथे उभे राहिले.